पन्नाशीनंतर नवं काही सुरू करताय? या चुका टाळा

उतारवयात नवा व्यवसाय काढणारी माणसं माझ्याकडे हिशेब आणि करार दाखवायला येतात. बहुतेक जण सही करून झाल्यावर येतात, हे माझं जुनं दुखणं. वय झालं म्हणून बुडालेलं माणूस मी क्वचितच पाहिलं. ‘आधीच उशीर झालाय, आता थांबायला वेळ नाही’ या घाईपायी बुडालेली मात्र पुष्कळ पाहिली.

निवृत्तीची पुंजी भांडवल म्हणून ओतणं

सगळ्यात जास्त याच चुकीवर लिहितो, कारण ती निस्तरायला पुढे वर्षं उरत नाहीत. तिशीत पैसे बुडाले तर पगारातून पुन्हा उभे राहतात. साठीत ते कुठून उभे करणार?

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आयुष्यभर कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होते. आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घेतली ती मुलांच्या शिकवणी वर्गाची फ्रँचायझी! कंपनीच्या माणसाने दाखवलेल्या तक्त्यात दुसऱ्या वर्षापासून झकास नफा होता. तो तक्ता मी नंतर पाहिला. पहिल्याच महिन्यापासून निम्म्या जागा भरलेल्या धरल्या होत्या आणि मालकाच्या स्वतःच्या मेहनतान्यापुढे शून्य. करारात कंपनीला भरलेली फी परत न मिळण्याचं कलम, जागेच्या भाड्याला तीन वर्षांचा लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी जागा सोडायची सोय नाही, आणि कर्जाला त्यांची वैयक्तिक हमी. म्हणजे वर्गाला टाळं लावलं तरी भाडं आणि हप्ते चालूच. तसंच झालं. दीड वर्षात वर्ग बंद पडला आणि निम्म्याहून जास्त पुंजी गेली.

मला खरा चटका लागला तो पुढच्या गोष्टीचा. या सगळ्या काळात जुन्या ओळखीतले कारखानदार त्यांना ‘जरा येऊन मशीन बघता का’ म्हणून फोन करत होते, आणि हे फुकट जाऊन येत होते. आज ते देखभालीची वार्षिक कंत्राटं घेतात. त्यासाठी लागलं ते हत्यारांची एक पेटी आणि छापील दरपत्रक.

मी प्रत्येकाला वेगळं खातं उघडायला लावतो. सगळी बुडाली तरी घरखर्चाला आणि औषधपाण्याला धक्का लागणार नाही एवढीच रक्कम त्यात टाका. तो आकडा कागदावर लिहा आणि सुरू करण्याआधी त्यावर नवऱ्याची किंवा बायकोची सही घ्या. खातं रिकामं झालं की थांबायचं, पुन्हा भरायचं नाही. काहींना हे अपमानास्पद वाटतं. वाटू दे. वैयक्तिक हमी द्यायचीच नाही, आणि कराराचा कागद अशा माणसाकडून वाचून घ्यायचा ज्याला त्यात कमिशन नाही.

यशोगाथेतला मधला भाग गाळून वाचणं

निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी हटकून रे क्रॉक यांचं नाव घेतं: बावन्नाव्या वर्षी बर्गरचं दुकान चालवणाऱ्या मॅकडोनाल्ड बंधूंकडे गेले आणि मॅकडोनाल्ड्सचं साम्राज्य उभारलं. पण त्याआधी या माणसाने कागदी कप आणि मिल्कशेकची यंत्रं विकत कित्येक वर्षं उपाहारगृहांचे उंबरे झिजवले होते. कुठलं दुकान चांगलं चालतं हे त्यांना मागच्या दारातून दिसलेलं होतं. मॉरिस चँग यांनी 1987 साली, पंचावन्नाच्या वयात टीएसएमसी ही संगणकाच्या चिप बनवणारी तैवानची कंपनी स्थापन केली, तीही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीत पंचवीस वर्षं चिपचं काम करून. शिवाय त्यात तैवान सरकारचं आणि फिलिप्सचं मोठं भांडवल होतं.

अमेरिकेतल्या जनगणना विभागाच्या आकडेवारीवरून अर्थशास्त्रज्ञ पियरे अझूले आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. सर्वांत वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवात करतानाचं सरासरी वय निघालं 45. त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांना यश मिळण्याची शक्यताही बरीच जास्त दिसली. तेव्हा नवं क्षेत्र शोधायला धावण्याआधी, लोक आजही तुम्हाला कशासाठी फोन करतात याची यादी करा. महिनाभर वहीत टिपून ठेवा. यापेक्षा चांगलं बाजार-सर्वेक्षण मला माहीत नाही.

साहेबपण घेऊन शिकायला बसणं

मोठ्या कार्यालयाच्या प्रमुख राहिलेल्या एक बाई कुंभारकाम शिकायला गेल्या. पहिल्याच दिवशी त्यांना फुलदाणी करायची होती. अर्ध्या वयाच्या शिक्षिकेने त्यांना नुसता गोळा चाकाच्या मध्यावर आणायला बसवलं. कोपर मांडीला टेकवायचं, हात स्थिर ठेवायचे आणि माती डगमगायची थांबेपर्यंत दाब सोडायचा नाही. बाई तिसऱ्या आठवड्यात शिक्षिकेला वर्गाचं वेळापत्रक सुधारून द्यायला लागल्या! शिक्षिकेने शांतपणे पुन्हा गोळा हातात दिला. बाई टिकल्या, कारण त्यांनी घरी जाऊन विचार केला आणि वर्गात जुन्या हुद्द्याचा उल्लेख करणंच सोडलं. मी सगळ्यांना हेच सांगतो: शिकायला जाल तिथे आधीचं पद सांगू नका. आणि तीन महिन्यांत तरबेज करण्याची हमी देणाऱ्या वर्गांच्या वाटेला जाऊ नका. तिथे घाईचेच पैसे घेतात.

बाकीच्या, थोडक्यात

गिऱ्हाईक मिळण्याआधी लोगो आणि व्हिजिटिंग कार्ड करू नका.

ओळखीच्यांना पहिल्या दिवसापासून बिल द्या. हवी तर सूट द्या, पण बिलावर लिहून.

एकामागून एक प्रमाणपत्रं गोळा करत बसणं ही पुढे ढकलण्याचीच रीत आहे. एक कोर्स झाला की एक काम घ्या.

धावणं किंवा व्यायाम नव्याने सुरू केला असेल तर दमसास लवकर वाढतो, पण स्नायूबंध, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, जुळवून घ्यायला जास्त वेळ घेतात. आज आणखी धावता येईल असं वाटतं, तिथेच थांबा. आधी डॉक्टरांना भेटा.

व्यवसायाची खाती, येणी-देणी, पासवर्ड कुठे लिहिलेत हे घरातल्या एका माणसाला माहीत हवं. हे काम पहिल्याच आठवड्यात उरका.