पोरगं पाठीवर घेऊन खानदेशातले डोंगर हिंडायचे, तर कॅरियर कसा निवडावा

पाटणादेवीहून केदारकुंडाकडे जाणारी पायवाट, पालचं जंगल, मनुदेवीचा धबधबा, तोरणमाळला यशवंत तलावाचा काठ. लहान लेकरू असलेल्या घरानेही जावं अशा या जागा आहेत, पण बाबागाडीचं चाक तिथे शंभर पावलंसुद्धा चालत नाही. दीड वर्षाचं पोरगं पंधरा-वीस मिनिटं हौसेने चालतं, मग दोन्ही हात वर करून उभं राहतं. कडेवर घेतलं की आपला एक हात अडकतो आणि उतारावर पुढचं पाऊल दिसत नाही. माणूस घसरतो तो तिथेच. पाठीवरच्या कॅरियरने, म्हणजे पोर बसवायच्या सॅकने, दोन्ही हात मोकळे राहतात आणि नजर वाटेवर राहते.

कॅरियर घेताना बहुतेक जण फक्त पोराचं वय आणि वजन बघतात. तेवढं पुरत नाही. पोराइतकंच उचलणाऱ्याच्या पाठीचं माप महत्त्वाचं आहे. कॅरियर कपाटात पडून राहतो तो बहुधा उचलणाऱ्याला टोचतो म्हणून.

फ्रेमचा की कापडी?

फ्रेमच्या कॅरियरला ॲल्युमिनियमचा सांगाडा, जाड कमरपट्टा, उभं राहायला स्टँड आणि डोक्यावर छत असतं. रिकामाच तो साधारण तीन ते साडेतीन किलो भरतो. कापडी बकलवाला कॅरियर किलोभराच्या आत बसतो आणि घडी करून पिशवीत जातो. तत्त्व दोघांचं एकच, आणि सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल आया कापडाच्या झोळीत पोर बांधतात त्यातही तेच आहे: वजन अंगाला चिकटून हवं, पोराचे गुडघे वाकलेले हवेत.

वर्षातून दोन-तीनदा, तास-दीड तासाच्या वाटेवर जाणार असाल तर कापडीच घ्या. फ्रेमचा खर्च वसूल होणार नाही. मात्र आपली पाठ आणि पोराचं पोट एकमेकांना चिकटून दोघंही घामाने भिजतात, त्यामुळे उन्हं चढल्यावर कापडी नकोसा होतो. दोन तासांच्या पुढची चाल, बरोबर पाणी-खाऊ-कपडे, महिन्यातून एकदा तरी जाणं, असं असेल तर फ्रेमचा घ्या. त्याची जाळी पाठीपासून सुटी असते आणि मधून वारा खेळतो.

वय आणि वजनाचा हिशेब

मूल आधाराशिवाय नीट बसू लागल्याशिवाय आणि मान पक्की सावरू लागल्याशिवाय फ्रेमच्या कॅरियरमध्ये बसवू नका. साधारण सहा महिन्यांनंतर आणि सात किलोच्या पुढे हे जमतं, पण डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, विशेषतः मूल अपुऱ्या दिवसांचं असेल तर.

वरची मर्यादा लेबलावर लिहिलेली असते. अनेक चांगल्या कॅरियरवर ती २२ किलोच्या आसपास दिसते. तो आकडा फक्त पोराचा आहे, की पोर, सामान आणि कॅरियर मिळून आहे, हे लेबलावर बारकाईने वाचा. एकूण वजनाचा आकडा असेल तर तीन किलो कॅरियरचे आधीच वजा झाले.

आता आपल्या बाजूने. वर्षाचं मूल साधारण ९ किलो, दोन वर्षांचं १२, तीन वर्षांचं १४. दोन वर्षांचं पोर, तीन किलोचा कॅरियर, दोन लिटर पाणी आणि दीड किलो खाऊ-लंगोट-कपडे धरले की साडेअठरा किलो झाले. रोजची सवय नसलेल्या माणसाने आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त उचलू नये. ६० किलोच्या माणसासाठी ते १५ किलो. म्हणून पाणी आणि सामान दुसऱ्याच्या सॅकमध्ये टाका, पोरवाल्याच्या पाठीवर फक्त पोर ठेवा. मोठ्या कप्प्यांच्या कॅरियरला भुलू नका, कप्पे असले की ते भरले जातातच.

पाठीचं माप

शिंप्याची टेप घ्या. मान खाली वाकवा. मानेच्या बुडाशी जे हाड सगळ्यात पुढे येतं तिथे टेपचं टोक धरा. दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की तळवा कमरेच्या हाडाच्या वरच्या काठावर टेकेल आणि अंगठे मागे येतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेष पाठीच्या कण्याला जिथे छेदते, तिथपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पाठीची लांबी. हे माप दुसऱ्याने घ्यावं, स्वतःचं स्वतः घेता येत नाही. उंचीवरून अंदाज बांधू नका. सारख्या उंचीच्या दोन माणसांच्या पाठीत तीन-चार सेंटीमीटरचा फरक सहज असतो.

घरात आई आणि बाबा दोघं आळीपाळीने उचलणार असतील तर दोघांची मापं घ्या. ती दोन्ही बसतील एवढा सरकणारा पाठीचा भाग हवाच, आणि तो वाटेत, पोराला खाली उतरवून, मिनिटाभरात सरकवता आला पाहिजे. स्क्रू काढून बदलायची सोय कागदावर बरी दिसते, डोंगरात ती कुणी वापरत नाही.

कमरपट्टाही दोघांवर लावून बघा. आवळल्यावर पट्ट्याची दोन्ही टोकं एकमेकांना भिडली आणि तरी तो सैल राहिला, तर बारीक माणसासाठी तो कॅरियर बाद. मग सगळं वजन खांद्यावर येतं आणि अर्ध्या तासात मान अवघडते.

पोराची बैठक

बैठक रुंद हवी. मांडीला गुडघ्यापर्यंत आधार मिळाला आणि गुडघे ढुंगणाच्या बरोबरीने किंवा थोडे वर राहिले, तर बसणं नीट. अरुंद पट्टीवर बसवलेल्या पोराचे पाय सरळ खाली लोंबतात, मांडीच्या आतल्या बाजूला कड रुतते आणि पायांना मुंग्या येतात. यावर उपाय म्हणजे पायाखालच्या रिकिबी. घोड्याच्या खोगिराला असतात तशाच, पट्ट्याने वर-खाली होणाऱ्या. रिकिबी नसलेला कॅरियर तासापेक्षा जास्त चालीसाठी घेऊ नका.

बैठकीची उंची अशी लावा की हनुवटी समोरच्या गादीच्या काठाच्या जरा वर येईल. बैठक खाली राहिली तर नाक गादीत घुसतं, फार वर गेली तर पोर डुलताना कॅरियर मागे-पुढे ओढतो. पट्टे पाच ठिकाणी बांधणारे हवेत: दोन खांदे, दोन कंबर, एक पायांमधून. आवळल्यावर पट्टा आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटं सपाट शिरतील एवढीच ढील ठेवा.

पोर झोपणार हे धरूनच चला. झोपलं की मान पुढे किंवा बाजूला पडते. समोरची गादी मऊ, रुंद आणि काढून धुता येणारी हवी, कारण लाळ आणि केळं दोन्ही तिथेच सांडतं. झोपलेल्या पोराची हनुवटी छातीला टेकली असेल तर थांबून मान सावरा, श्वास मोकळा राहिला पाहिजे.

ऊन

थंड देशांत लिहिलेल्या सल्ल्यांत पावसावर पान असतं आणि उन्हावर एक ओळ. जळगाव-धुळ्याच्या माणसाने ते उलट वाचावं. छत ही आपल्याकडे जादाची वस्तू नाही, ते नसलेला कॅरियर घेऊच नये. ते पुढेपर्यंत येणारं आणि फिकट रंगाचं हवं, दोन्ही बाजूंना जाळी हवी. काळं छत तापतं.

छतावरून ओढणी किंवा टॉवेल लोंबवू नका. सावली होते, पण आतली हवा कोंडते आणि पोर बाहेरपेक्षा जास्त गरम होतं. टोपी मऊ कापडाची घाला. मागे कड असलेली टोपी डोक्यामागच्या गादीला लागून डोळ्यांवर येते. गाडीत उन्हात राहिलेल्या कॅरियरची बकलं आणि फ्रेम हाताच्या मागच्या बाजूने तपासून मगच पोर बसवा.

मोसम पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत. मार्चनंतर पाठीवर पोर घेऊन डोंगर नको. लळिंगच्या किल्ल्यासारख्या उघड्या चढावर ऑक्टोबरमध्येसुद्धा उन्हं चढायच्या आत खाली उतरलेलं बरं. दर अर्ध्या तासाने दोन घोट पाजा. लंगोट सहा तास कोरडा राहिला, ओठ सुकले किंवा पोर नेहमीपेक्षा गप्प झालं, तर परत फिरा.

थंडीत उलटी चूक होते. चढणारा घामाघूम होतो आणि पोरालाही उकडत असेल असं समजतो. पोर तर हलत नाही. धुळ्याच्या जानेवारीतल्या सकाळी त्याचे पाय बर्फासारखे होतात. बसल्यावर पायजमा वर सरकतो आणि घोटे उघडे पडतात, म्हणून लांब पायमोजे पायजम्याच्या वरून ओढा.

दादरची (ज्वारीची) गोणी

मागवलेला कॅरियर आला की लेबल कापू नका. बैठकीत एक उशी ठेवा आणि तिच्यावर दादरचं दहा किलोचं पोतं पट्ट्यांनी बांधा. वजन पोरासारखं वरच्या बाजूला आलं पाहिजे. आता सगळे पट्टे सैल सोडून पाठीवर घ्या. पहिला कमरपट्टा: त्याचा मध्य कमरेच्या हाडावर येऊ द्या आणि आवळा. मग खांद्याचे पट्टे, अंगाला टेकतील इतकेच. मग खांद्याच्या वरून फ्रेमकडे जाणारे छोटे पट्टे, ते तिरपे दिसले पाहिजेत. ते आडवे पडले तर पाठीची लांबी नीट लावलेली नाही. शेवटी छातीचा पट्टा, काखेच्या रेषेत.

खांद्याच्या पट्ट्याखाली बोट घाला. ते सहज सरकलं तर वजन कमरेवर बसलं आहे. आता पाऊण तास जिना चढा-उतरा. कमरेच्या हाडावर लाल वळ, बोटांना मुंग्या किंवा फ्रेमची कड पाठीला लागत असेल तर परत पाठवा. 'सवय होईल' असं म्हणून ठेवून घेऊ नका. सवय होत नाही.

स्टँडची परीक्षाही याच गोणीने होते. स्टँड उघडून गोणी मागून आणि बाजूने ढकला. जो हलक्या धक्क्याने कलंडतो तो पोराच्या लाथेने नक्की पडणार. आणि स्टँड कितीही भक्कम असो, तो फक्त पोर चढवण्या-उतरवण्यापुरता आहे, खुर्ची नव्हे. काळ्या मातीत पावसाळ्यात एक पाय रुततो, मुरमाच्या उतारावर घसरतो. टेबलावर किंवा ओट्यावर तर कधीच ठेवू नका. एक हात कायम फ्रेमवर.

वाटेवर

पाठीवर घेताना गुडघे वाकवा, वरच्या मुठीला धरून कॅरियर आधी मांडीवर घ्या, मग एक हात घाला. दुसऱ्या माणसाने मागून उचलून धरावं. उतरवताना आधी स्टँड उघडा.

पोराचं डोकं तुमच्या डोक्याच्या वर किंवा जरा मागे असतं. तुम्ही वाकून गेलात म्हणून ते वाचलं असं होत नाही. बोरी-बाभळीच्या फांद्या, शेताच्या कुंपणाची तार, देवळाची बुटकी चौकट, सगळं त्याच्या तोंडाच्या उंचीवर येतं. हिवाळ्यात खाजकुयलीच्या वाळलेल्या शेंगा वेलीवर लोंबत असतात, त्यांची लव पोराच्या डोळ्यात गेली तर हाल होतात. दाट झाडी आली की पोर उतरवून कुशीत घ्या. पट्ट्यात एक छोटा आरसा ठेवा, मागे काय चाललंय ते दिसतं. दुसरा माणूस मागेच चालू द्या.

वाकायचं झालं तर गुडघ्यातून, कमरेतून नाही. कमरेतून वाकलात की पोर डोक्यावरून पुढे येतं. उतारावर हातात काठी असू द्या. शिडी, खडकाचा टप्पा, घोट्याच्या वरचं वाहतं पाणी इथे कॅरियर थांबतो. पावसाळ्यात पाटणादेवी-मनुदेवीकडचे ओहोळ वरच्या पावसाने बघता बघता फुगतात. जाताना ओलांडलेला ओहोळ परतताना तसाच असेल हे धरू नका. आग्या मोहोळ दिसलं तर त्या वाटेने जाऊच नका, पाठीवर पोर घेऊन पळता येत नाही.

दर पाऊण तासाने पोराला खाली उतरवा, दहा मिनिटं जमिनीवर खेळू द्या. पायाची बोटं चोळून रंग बघा.

जुना घेताना

जुना कॅरियर घ्यायला हरकत नाही. फ्रेम सपाट फरशीवर ठेवा, डुगडुगली तर वाकली आहे. प्रत्येक बकल लावून जोरात ओढा. उन्हात पडून राहिलेलं प्लास्टिक पांढुरकं आणि ठिसूळ होतं. पोराचे पट्टे जिथे शिवलेत ती शिवण नखाने उचकून बघा. फ्रेमच्या कॅरियरच्या लेबलावर युरोपचं ईएन १३२०९-१ किंवा अमेरिकेचं एएसटीएम एफ २५४९ हे मानक असतं, लेबलच नसेल तर सोडून द्या. बनवल्याची तारीखही बघा. ऑस्प्रे कंपनीच्या पोको मालिकेतले २०१२ ते २०१४ मध्ये बनलेले कॅरियर २०१६ मध्ये अमेरिकेत परत मागवले गेले, कारण लहान मूल पायाच्या फटीतून निसटू शकत होतं. तसला मिळाला तर त्यासाठी कंपनीने दिलेली जादा गादी आहे का ते विचारा.

घरी आल्यावर गाद्या काढून साध्या साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. ओला कॅरियर पावसाळ्यात कपाटात ठेवला की आठवड्यात बुरशी धरतो. कप्प्यातले बिस्किटांचे तुकडे झाडून काढा आणि कॅरियर खुंटीला उंच टांगा. दूध-बिस्किटाच्या वासाने उंदीर येतात आणि आधी नेमका पोराचा पट्टा कुरतडतात.