हिरवळ खरी लावायची की कृत्रिम? आधी ऊन मोजा

अंगणात किंवा गच्चीवर हिरवळ करायची असेल तर नर्सरीत जाण्याआधी एक सुट्टीचा दिवस घरी काढा. सकाळी आठपासून दर तासाला त्या जागेवर ऊन आहे की सावली, ते लिहून ठेवा. थेट ऊन पाच-सहा तासांपेक्षा कमी पडत असेल, तर हरळीचा नाद सोडा. ती विरळ होत जाते आणि पावसाळ्यात तिथे शेवाळ धरतं.

ऊन भरपूर असेल, तर मी खऱ्या गवताच्याच बाजूने आहे. कृत्रिम गवत म्हणजे शेवटी प्लास्टिक, आणि ते उन्हात भयंकर तापतं. दुकानातून वीतभर तुकडा मागून आणा, एप्रिलच्या दुपारी दोन वाजता तासभर उन्हात ठेवा आणि तळहात टेकवून पाहा. लहान मुलं अनवाणी खेळणार असतील तर ही परीक्षा चुकवू नका. खरं गवत बाष्पोत्सर्जनामुळे, म्हणजे पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडत राहिल्यामुळे, गार राहतं.

मात्र त्याला उन्हाळाभर पाणी लागतं. टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायटीत ते लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

सावलीच्या बाल्कनीत कृत्रिम गवत चालेल. तुकडा उलटा करून निचऱ्याची भोकं आहेत का बघा, आणि अंथरण्याआधी फरशीवर बादलीभर पाणी ओता. ते सांडपाण्याच्या जाळीकडे न जाता साचत असेल, तर आधी उतार दुरुस्त करून घ्या. नाहीतर श्रावणापर्यंत गवताखालून कुबट वास यायला लागतो.