एम.ए.च्या प्रकल्पाला गे रोमान्स घ्यायचा असेल तर

इंग्रजीच्या एम.ए.ला संशोधन प्रकल्पाची वेळ आली की बहुतेक जण आधी दहा जणांनी केलेला विषय धरतात. मी समकालीन गे रोमान्स कादंबऱ्या घेतल्या. आता सोलापुरातलीच माझ्यानंतरच्या बॅचची मुलं-मुली विचारतात, हा विषय मान्य होतो का, पुस्तकं कुठून आणायची, घरी काय सांगायचं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी गे आहे. या कादंबऱ्या मला मनापासून आवडतात आणि त्यांच्याविषयी माझ्या तक्रारीही आहेत. प्रकल्पात मी दोन्ही ठेवलं. तुम्हीही ठेवा, कारण नुसतं कौतुक किंवा नुसती टीका लिहिलीत तर तिसऱ्या प्रकरणापाशी लिहायला काही उरत नाही.

सुरुवात व्याख्येपासून करा. प्रेम आहे म्हणून कुठलीही कादंबरी रोमान्स होत नाही. मध्यवर्ती कथानक प्रेमाचं हवं आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा, अशी व्याख्या अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं केली आहे. रोमान्सच्या अभ्यासक पामेला रेजिस यांच्या 2003च्या पुस्तकात रोमान्सचे आठ घटक दिले आहेत : भोवतालचा समाज, भेट, अडथळा, ओढ, कबुली, सगळं संपलं असं वाटायला लावणारा क्षण, अडथळा दूर करणारी उमज आणि शेवटी एकमेकांशी बांधलं जाणं. हे आठ घटक वहीत लिहून घ्या आणि प्रत्येक कादंबरी त्यांच्याशी ताडून पाहा. माझा निम्मा प्रकल्प यातूनच उभा राहिला.

‘सुखान्त म्हणजे हलकं साहित्य’ हे वाक्य तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवणारच. मला एका शिक्षकांनी ऐकवलं होतं. तेव्हा इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांचं उदाहरण हाताशी ठेवा. ‘मॉरिस’ त्यांनी 1913-14मध्ये लिहिली आणि दोन पुरुषांच्या प्रेमाचा शेवट ठरवून सुखाचा केला. तसा शेवट नसता तर आपण लिहिण्याच्या फंदात पडलोच नसतो, अशा अर्थाचं त्यांनी पुढे नोंदवून ठेवलं. इंग्लंडमध्ये हा संबंध 1967पर्यंत गुन्हा होता. पुस्तक छापलं गेलं 1971मध्ये, फॉर्स्टर गेल्यानंतर. दोघांपैकी एकानं मरावं किंवा तुरुंगात जावं, असा शेवट केला असता तर ते कदाचित लवकर छापता आलं असतं. त्यांनी तो केला नाही. हे एवढं समजलं की आजच्या सुखान्ताकडे बघायची नजर बदलते. भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377चा निकाल 6 सप्टेंबर 2018ला लागला, तोपर्यंत आपणही त्याच भीतीत होतो. दोन मुलगे शेवटच्या पानावर जिवंत आहेत, सोबत आहेत, एवढं वाचायला मिळणं माझ्यासाठी फार मोठी गोष्ट होती. आजही आहे.

आता तक्रारी. रेजिस यांच्या यादीतला ‘अडथळा’ घ्या आणि नव्या कादंबऱ्यांत तो शोधा. 2019मध्ये आलेल्या ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांचा मुलगा आणि ब्रिटिश राजपुत्र प्रेमात पडतात. संवाद चुरचुरीत आहेत, पत्रांसारख्या लांबलचक ई-मेल सुंदर आहेत, मी ती आनंदानं वाचली. पण राजवाडा आणि व्हाइट हाउस ज्यांच्या पाठीशी आहे त्यांचं प्रेम उघड झालं तर काय होतं आणि ज्याच्या घरी दोनच खोल्या आहेत त्याचं झालं तर काय होतं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. या प्रकारातल्या कितीतरी नायकांकडे स्वतःचा फ्लॅट असतो, बंद होणारं दार असतं, भाड्याची काळजी नसते. आपल्याकडे यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातला मुलगा कुणाला भेटणार असेल तर कंबर तलावाच्या कडेला किंवा भुईकोट किल्ल्याच्या बागेत, आणि तिथेही ओळखीचं कोणी निघणारच. एकांत मिळवणं हाच आपल्याकडचा पहिला अडथळा आहे, आणि या कादंबऱ्यांना तो सहसा दिसत नाही.

दुसरी तक्रार आई-वडिलांबद्दल. मुलगा सांगतो, आई मिठी मारते, प्रकरण संपतं. अशी आई असू शकते आणि ती कादंबरीत असायलाच हवी. पण ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘धाकट्या बहिणीचं लग्न कसं जमेल’ हे दोन प्रश्न त्या मिठीच्या आड येतात, आणि गोष्ट खरी तिथून पुढे सुरू होते. मला ते पुढचं वाचायचं आहे. निक आणि चार्ली या दोन शाळकरी मुलांच्या प्रेमाची चित्रकादंबरी ‘हार्टस्टॉपर’, तिच्यावरही गोडपणाचा आरोप होतो, तो मला अर्धाच पटतो. निकची आई समजूतदार आहे हे खरं, पण चार्लीचं अन्न टाळणं, त्याचं आजारपण आणि उपचार यांना लेखिका पुरेशी जागा देते. प्रेम मिळालं म्हणून तो बरा होत नाही. हे प्रामाणिक आहे.

शृंगाराच्या प्रसंगांवर लिहायला आमच्या वर्गात सगळे बिचकत होते. टाळू नका, फक्त प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारा : हा काढला तर कथा अडते का? ‘हीटेड रायव्हलरी’मध्ये अडते. दोन प्रतिस्पर्धी आइस हॉकीपटू वर्षानुवर्षं गुपचूप भेटतात, शरीरानं जवळ येतात आणि मनातलं बोलायला त्यांना फार उशीर लागतो, त्यामुळे नात्यातला बदल त्या प्रसंगांतूनच कळतो. बाकी पुष्कळ पुस्तकांत ते ठरावीक पानांवर ठरल्यासारखे येतात आणि कुठल्याही जोडीला चिकटवता येतील असे असतात. दोघांपैकी एकाला नाजूक, रडवा, सांभाळून घेण्याजोगा करून जुन्या नायिकेच्या जागी बसवायचं, हेही मला खटकतं.

लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, यावरून पुष्कळ भांडणं झाली आहेत. या भांडणात जपून उतरा. गे मुलांच्या प्रेमकथा लिहिणाऱ्या लेखिका बेकी अल्बर्टाली यांच्यावर ‘बाहेरची बाई आमच्या गोष्टी लिहिते’ अशी टीका झाली आणि 2020मध्ये त्यांना आपण बायसेक्शुअल असल्याचं जाहीर करावं लागलं. कुणाला असं सांगायला भाग पाडणं मला क्रूर वाटतं. पुस्तकातला पुरुष खोटा वाटला तर तसं पुराव्यानिशी लिहा, लेखिकेच्या आयुष्यात डोकावू नका.

हाच नियम स्वतःलाही लावा. विषय गे रोमान्स आहे म्हणून तुम्ही कोण आहात हे गाइडना किंवा व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सांगायची काहीही गरज नाही. कुणी विचारलंच तर ‘सर, प्रश्न संहितेबद्दल घेऊ या’ एवढं पुरतं. मी सांगितलं, कारण मला सांगायचं होतं आणि घरात एक माणूस माझ्या बाजूचं होतं.

सिनॉप्सिसच्या, म्हणजे मान्यतेसाठी द्यायच्या आराखड्याच्या, शीर्षकात ‘लोकप्रिय साहित्य’ आणि ‘सुखान्त’ हे दोन्ही येऊ द्या, मान्यतेला सोपं जातं. पुस्तकं चारच्या वर घेऊ नका. ती मी फोनवर ई-बुक म्हणून वाचली : छापील प्रतीपेक्षा स्वस्त पडतात आणि मुखपृष्ठ घरात कुणाच्या नजरेला पडत नाही. टिपणं काढायला हिराचंद नेमचंद वाचनालयात बसायचो. संदर्भासाठी ‘जर्नल ऑफ पॉप्युलर रोमान्स स्टडीज’ नेटवर मोफत मिळतं, 2010पासूनचे अंक आहेत.

एक मराठी कादंबरी शेजारी ठेवाच. मी सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (2006) ठेवली. पुण्यातल्या एका घरात भाऊ आणि बहीण दोघंही एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात आणि तो निघून जातो. व्याख्येप्रमाणे हा रोमान्स नाही. पण परदेशी पुस्तकांत मला जे सापडत नव्हतं ते इथे आहे : जेवणाची ताटं, आईचा आवाज, शेजारी, आणि मुलीच्या दुःखाभोवती जमलेल्या घराला मुलाचं दुःख न दिसणं. हे सगळं ठेवून शेवट सुखाचा करता येईल का, हा माझ्या शेवटच्या प्रकरणाचा प्रश्न होता. मला वाटतं येईल. लग्न मात्र त्या शेवटात कायद्यानं बसत नाही, कारण 17 ऑक्टोबर 2023च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. म्हणजे आपल्या लेखकाला रेजिस यांचा आठवा घटक वेगळ्या रूपात घडवावा लागेल.

पुढच्या बॅचसाठी वाचकांचा अभ्यास अजून मोकळा आहे. अभ्यासक जॅनिस रॅडवे यांचं 1984चं पुस्तक एका अमेरिकी उपनगरातल्या रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी बोलून लिहिलेलं आहे आणि त्यात त्यांनी त्या ठिकाणाचं नावसुद्धा बदललं. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या घरांतल्या मुली फोनवर या कथा वाचतात. त्या का वाचतात हे त्यांनाच विचारायला हवं. कुणी हा विषय घेणार असेल तर माझ्याकडची प्रश्नावली पाठवतो. फक्त पहिल्या मुलाखतीआधीच सगळ्यांची नावं बदलायची, आणि खऱ्या नावांचा कागद ठेवायचाच नाही.