संधिवाताचे रिपोर्ट : या चुका टाळा

लॅबच्या काउंटरवर रोज ऐकू येणारा प्रश्न, "आरए फॅक्टर किती उतरला?" अहो, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या संधिवाताच्या अँटिबॉडीज शोधणाऱ्या, निदानाच्या टेस्ट आहेत, सूज पूर्ण उतरली तरी आकडा तसाच राहू शकतो, मग दर तीन महिन्यांनी त्या कशाला करायच्या? आजार आत्ता किती जोरात आहे ते बघायला ईएसआर आणि सीआरपी, या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट. डिस्काउंटवालं 'आर्थ्रायटिस पॅकेज' मला अजिबात पटत नाही, चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच करा.

दुसरी चूक युनिट न बघण्याची. एका काकूंचं सीआरपी नेहमी 2.4 च्या आसपास यायचं, एकदा दुसऱ्या लॅबमध्ये केलं तर 22! घरचे इतके घाबरले की डॉक्टरांना न विचारता जुन्या चिठ्ठीवरच्या स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, काकूंना डायबिटीस, शुगर 300 च्या वर गेली. नंतर दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघितले तर एक मिलिग्रॅम पर डेसिलिटरमध्ये आणि दुसरा पर लिटरमध्ये, म्हणजे आधीचं 24 आणि आताचं 22, उलट किंचित कमीच. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, लॅब एकच ठेवा आणि आकड्याशेजारी युनिट लिहा.

ताप, सर्दी, लघवीचं इन्फेक्शन असताना सीआरपी वाढणारच, डॉक्टरांना तसं सांगा. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा प्रेग्नन्सी असेल तर ईएसआर वाढतो, वयानेही वाढतो.

गाऊटचा (युरिक अॅसिडमुळे सांधा सुजण्याचा) अटॅक चालू असताना युरिक अॅसिड नॉर्मल येऊ शकतं, अटॅक ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत करा. ल्युपसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) आजार भडकलेला असूनही सीआरपी बऱ्याचदा फारसं वाढत नाही, तिथे अँटी-डीएस-डीएनए, सी3, सी4 या रक्ताच्या टेस्ट बघतात. टोसिलिझुमॅब हे संधिवाताचं इंजेक्शन चालू असेल तर इन्फेक्शनमध्येही सीआरपी खालीच दिसू शकतं.

आणि घाई! मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या नेहमीच्या औषधाला असर दाखवायला सहा ते बारा आठवडे लागतात, लोक दहाव्या दिवशी टेस्ट करून औषध बेकार ठरवतात. सूज उतरायला लागल्यावरही सीआरपी लवकर खाली येतं, ईएसआर आठवडे घेतो. याच्या उलट रिपोर्ट नॉर्मल आला की गोळ्या बंद करणारे, त्यांचा तर मला खरंच राग येतो, कारण सांधे सुजलेले असतानाही सीआरपी नॉर्मल असू शकतं. डॉक्टर 28 सांधे दाबून बघतात ते उगाच नाही. सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात ते रिपोर्टच्या मागे लिहून न्या, ते कुठल्याच टेस्टमध्ये येत नाही.