लहान मुलासोबत दोन रात्रींची शहरवारी: आधी बिनखोलीचे तास मोजा

कपडे किती घ्यायचे, औषधांची पिशवी कशी भरायची हे तुम्हाला माहीत आहे. शहर चार तासांत पोचता येईल असं निवडा आणि मुक्काम दोन रात्रींचा ठेवा. विमानाने जाणार असाल तर मुलाची जन्मतारीख बघा: बहुतेक कंपन्यांत दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून जातं, पण परतीच्या आधी दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीला त्याची वेगळी सीट घ्यावी लागते. विमान उतरताना काहीतरी प्यायला द्या, गिळलं की कानाचे दडे सुटतात.

खरी गोची तिकिटात आहे. 'पहाटेचं नाहीतर रात्री उशिराचं घ्या, स्वस्त पडतं,' असं जो तो सांगतो. सांगणाऱ्याच्या कडेवर मूल नसतं. हॉटेलची खोली साधारणपणे दुपारी २-३ च्या सुमारास मिळते आणि शेवटच्या दिवशी ११-१२ ला सोडावी लागते. म्हणजे सकाळी ६ ला पोचलात आणि परतीची गाडी रात्री ९ ची असली, तर सुरुवातीचे ८ आणि शेवटचे १० असे १८ तास तुम्ही बिनखोलीचे, रस्त्यावर. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. त्यातली दुपारची झोप नेमकी याच तासांत येते.

मीही एकदा या स्वस्ताईला भुलले. मुलगी पावणेदोन वर्षांची. सामान कमी करायच्या नादात बाबागाडी घरी ठेवलेली. ११ ला खोली सोडली, दीडला ती खांद्यावर झोपली. वस्तुसंग्रहालयाच्या जिन्याखालच्या बाकावर मी दोन तास बसून होते. डावा हात बधिर, आणि तिचा एक बूट कुठेतरी पडलेला. तो शोधायला नवरा आल्या वाटेने परत गेला. साडेतीनला ती उठली ती रडतच. मग टॅक्सी, नको असताना घेतलेलं खेळणं, नवे बूट. तिकिटात वाचवलेलं सगळं गेलं, वर आणखी पदरचे गेले.

तेव्हापासून तिकीट काढण्याआधी मी बिनखोलीचे तास कागदावर मांडते. दोन्ही टोकांचे मिळून ६ च्या वर गेले की ते तिकीट बाद, मग ते कितीही स्वस्त असो. सोयीची गाडी नसेलच, तर खोली लवकर मिळेल का, उशिरा सोडली तर चालेल का, हे हॉटेलला फोन करून विचारा, आणि तेही बुकिंगच्या आधी. एकदा पैसे भरले की समोरच्याला तुमची गरज उरत नाही. 'सामान ठेवून घेऊ' या आश्वासनावर खूश होऊ नका, सामानाला झोप येत नाही.

तेही जमलं नाही तर शेवटच्या दुपारची झोप बाबागाडीतच, हे आधीच ठरवा आणि निघण्यापूर्वी तीन-चार दुपारी घरीच तशी सवय करा. थांबे न घेता चालत राहता येईल अशी मोठी बाग किंवा नदीकाठ नकाशावर हेरून ठेवा. ऊन लागतं म्हणून बाबागाडीवर कापड मात्र टाकू नका, आत हवा कोंडते आणि बघता बघता उकडायला लागतं. सावलीतून चाला.

हॉटेल गावाबाहेरचं स्वस्त नको. मधल्या दिवशी जेवून पंधरा मिनिटांत खोलीवर परतता आलं पाहिजे. दिवसाला एकच ठिकाण, तेही उघडताक्षणी गाठायचं. बऱ्याच संग्रहालयांत लहान मुलांना तिकीट नसतं, त्यामुळे अर्ध्या तासात बाहेर पडलात तरी हळहळ वाटत नाही. संध्याकाळ बागेत.

आणि मूल कुठेही झोपलं की आधी त्याचे बूट काढून पिशवीत टाका.