नरक म्हणजे चिरकाल यातना की नाश? हा अभ्यासवर्ग मी असा घेते

हा प्रश्न कोण विचारतंय ते आधी बघा. आपल्या मंडळ्यांत कित्येक घरांत विश्वासाची ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे. "माझे आजोबा प्रभूला न ओळखताच गेले, ते आता कुठे असतील?" असं विचारणारीला वचनांची यादी नको असते. तिच्याशी वर्गाबाहेर निवांत बोला, तिच्याबरोबर प्रार्थना करा. वर्गात मात्र कुणाच्याही मेलेल्या माणसाचा निवाडा होऊ देऊ नका. तो न्याय देवाचा आहे.

पाळकसाहेबांना आधी कल्पना द्या. एका मताप्रमाणे नरकातल्यांना कायम यातना होत राहतात, दुसऱ्याप्रमाणे त्यांचं अस्तित्वच संपतं, म्हणजे नाश होतो. मी नाशाच्या मताकडे झुकते, हे मी वर्गाला सुरुवातीलाच सांगते. मग एकच नियम घालते: प्रत्येकाने आपल्या मताला सगळ्यात जड जाणाऱ्या वचनाचं उत्तर द्यायचं. आपल्या सोयीची वचनं सगळ्यांना पाठ असतात, त्यांनी वर्ग पुढे सरकत नाही.

चिरकाल यातना मानणाऱ्यांना मत्तय १०:२८ द्या. आत्मा आणि शरीर दोहोंचा नरकात नाश करू शकणाऱ्याला भ्या, असं तिथे स्वतः प्रभू सांगतो. जोडीला रोमकरांस पत्र ६:२३ ठेवा: पापाचं वेतन मरण. नाश म्हणजे अस्तित्व संपणं नव्हे, तर देवापासून तुटून कायमचं उद्ध्वस्त होणं, असं उत्तर ते देतील. ते पूर्ण ऐकून घ्या.

नाश मानणाऱ्यांना, म्हणजे मलाही, मत्तय २५:४६ आणि प्रकटीकरण २०:१० सोडवावं लागतं. पहिल्यात सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन एकाच वाक्यात शेजारी आहेत. जीवन अनंत असेल तर शिक्षाही अनंतच, हा प्राचीन मंडळीतला धर्मगुरू ऑगस्टीन याचा पाचव्या शतकातला युक्तिवाद आजही तितकाच भक्कम आहे. आमचं उत्तर असं, की मरणाची शिक्षा कधीच मागे घेतली जात नाही, म्हणून ती सार्वकालिक. यहूदाच्या पत्रातलं सातवं वचन इथे वाचा: सदोम आणि गमोरा या पापी नगरांना सार्वकालिक अग्नीची शिक्षा झाली, पण ती नगरं आज जळत नाहीत. प्रकटीकरण २०:१० अधिक कठीण आहे, कारण तिथे सैतानाला रात्रंदिवस, युगानुयुग पीडा आहे. चारच वचनांनंतर मरण आणि अधोलोक (मेलेल्यांचं ठिकाण) हेही त्याच अग्निसरोवरात टाकले जातात आणि त्याला 'दुसरं मरण' म्हटलं जातं. मरणाला यातना कशी होणार, असं मी विचारते. तरीही दहावं वचन मला पूर्ण सुटलेलं नाही.

जुन्या करारासाठी भरपूर वेळ ठेवा, खरा अभ्यास तिथेच होतो. मार्क ९:४८ मधला न मरणारा किडा यशया ६६:२४ मधून येतो, आणि तिथे तो प्रेतांवर आहे. हे वाचल्यावर नाशवाल्यांना उत्साह येतो. तेव्हा कॅथलिक बायबलमधलं यूदिथ १६:१७ वाचून दाखवा: तिथे अग्नी आणि किडे आहेतच, शिवाय वेदनेने सदासर्वकाळ रडणंही आहे. प्रकटीकरण १४:११ मधला युगानुयुग चढणारा धूर यशया ३४:१० मध्ये नाश झालेल्या अदोम देशावर दिसतो. पण पुढचे 'रात्रंदिवस विश्रांती नाही' हे शब्द गाळू नका.

श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांच्या गोष्टीवर (लूक १६), जिथे श्रीमंत मेल्यावर ज्वाळेत तळमळतो, फार वेळ घालवू नका. त्या श्रीमंताचे भाऊ अजून घरी जिवंत आहेत, म्हणजे ती गोष्ट अखेरच्या न्यायाआधीची आहे.

"हे पाखंड आहे" असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा, की बहुतेक मंडळ्यांची परंपरा चिरकाल यातनेचीच आहे. पण इंग्लंडचे नामवंत पाळक जॉन स्टॉट यांच्यासारख्या वचननिष्ठ माणसाने १९८८ मध्ये नाशाचं मत, अंतिम आग्रह न धरता, उघडपणे मांडलं. २००० साली ब्रिटनच्या इव्हँजेलिकल (बायबललाच अंतिम अधिकार मानणाऱ्या) ख्रिस्ती लोकांच्या संघटनेच्या, इव्हँजेलिकल अलायन्सच्या, अहवालाने तेही इव्हँजेलिकलांमधलं एक लक्षणीय अल्पमत असल्याचं मान्य केलं. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट हा ख्रिस्ती पंथ तर नाशच शिकवतो.

शेवटी सगळ्यांचंच तारण होईल, हे तिसरं मत कुणीतरी काढेलच. ते त्याच संध्याकाळी कोंबू नका. पुढच्या वेळेसाठी कलस्सैकरांस पत्र १:२० आणि तीमथ्याला पहिलं पत्र २:४ वाचून यायला सांगा.