नाताळची सजावट कमी पैशांत करताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक घराबाहेर पडण्याआधीच होते. गेल्या वर्षीचा खोका माळ्यावर तसाच ठेवून आपण खरेदीला निघतो. परत येऊन तो उघडला की लाल रिबीन अर्धी शिल्लक सापडते, घंटाही असतात, आणि हातात नवी रिबीन असते. म्हणून एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून खोका जमिनीवर पालथा करा. धड ते एकीकडे, दुरुस्त होण्यासारखं ते दुसरीकडे, आणि त्यानंतरच यादी. गेल्या खेपेला आमच्या यादीत दोनच गोष्टी उरल्या होत्या: डिंक आणि सुतळी.

त्याच्या पाठोपाठची चूक म्हणजे सगळं घर सजवायचा हट्ट. चार खोल्यांत थोडं थोडं वाटलेलं सामान कुठेच उठून दिसत नाही. मग "अजून काहीतरी हवं" असं वाटत राहतं आणि पाय पुन्हा बाजाराकडे वळतात. त्यापेक्षा दारातून आत येताच नजर जाते तो एकच कोपरा पकडा आणि तो भरगच्च करा. रंग दोन, फार तर तीन. जुनं, नवं, हातानं केलेलं असं सगळं एका रंगात आलं की ठिगळं दिसत नाहीत.

झाड परवडत नसेल तर वाळक्या फांद्या जड बरणीत खोचा, बरणीत तळाला खडे घाला. हलकी बरणी घेतलीत तर पहिल्याच संध्याकाळी ती आडवी होईल. येशूजन्माच्या गव्हाणीच्या देखाव्यासाठी बुटांचा खोका पुरतो. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावात देखावा मांडला तोही गवतानं भरलेली गव्हाणी, एक बैल आणि एक गाढव एवढ्यावरच. विकतच्या मूर्तींचा संच हवाच असं कुणी सांगितलं?

दिव्यांची माळ: फेकण्याआधी तपासा

एका वर्षी माळ झाडाला पूर्ण गुंडाळून झाली, बटण दाबलं, आणि खालची अर्धी माळ काळीच. सगळं उलगडायला लागलं. तेव्हापासून माळ आधी जमिनीवर सरळ पसरून पेटवून बघतो, आणि गुंडाळायला प्लगच्या टोकापासून, बुंध्याकडून सुरुवात करतो. नाहीतर शेवटी प्लग शेंड्याला लोंबकळतो आणि मग वाढीव वायर विकत आणावी लागते.

अर्धी माळ बंद म्हणजे माळ गेली असं नाही. जुन्या पद्धतीच्या छोट्या बल्बांच्या माळेत बल्ब एकापाठोपाठ एक असे गटागटानं जोडलेले असतात. एक सैल झाला की बऱ्याचदा त्याचा अख्खा गट विझतो. प्लग काढा, विझलेल्या भागातला एकेक बल्ब नीट आत दाबा. तरीही नाही लागला, तर त्याच माळेतला चांगला बल्ब एकेका जागी लावून बघा. काम किचकट आहे, पण मोठ्या मुलांना आवडतं. एलईडीच्या बऱ्याच माळांचे दिवे मात्र पक्के बसवलेले असतात, तिथे ही युक्ती चालत नाही. आणि वायर उघडी पडली असेल किंवा प्लग गरम होत असेल तर माळ टाकूनच द्या, तिथे काटकसर नको. घरात लावायची माळ बाहेर लावू नका, झोपताना सगळं बंद करा.

एडवर्ड जॉन्सन या एडिसनच्या सहकाऱ्यानं 1882 मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या घरी झाडावर हातानं जोडलेले 80 विजेचे दिवे लावले होते. वायरींशी झटापट तेव्हापासूनची आहे!

कागदाच्या साखळीत फसगत होते ती हिशेबात. ए-फोर कागदाच्या लांबीतून अडीच सेंटिमीटर रुंदीच्या 11 पट्ट्या निघतात. एका कडीनं लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर वाढते. म्हणजे दोन मीटरला चाळीसेक पट्ट्या, चार कागद. रंगीत कागद विकत आणायची गरज नाही. जुनी मासिकं, भेटवस्तूंचे कागद चालतात. भिंतीला चिकटपट्टी लावण्याआधी कपाटामागे एक तुकडा लावून दोन दिवस बघा, नाहीतर सजावट उतरवताना रंगाचे पोपडेही उतरतात.

मिठाच्या कणकेची खेळणी स्वस्तात होतात: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं साधारण वाटीभर पाणी. चूक होते घाईत. आम्ही ओव्हन कडक तापवला आणि चांदण्या टम्म फुगल्या. शंभर अंशांच्या आसपास दोन-तीन तास सुकू द्या, भोक आधीच पाडा. घरात कुत्रा असेल तर ती उंचावर टांगा. इतकं मीठ त्याला घातक ठरू शकतं. संत्र्याच्या चकत्या सुकवतानाही घाई नको. अर्धा सेंटिमीटरपेक्षा जाड कापल्या आणि आत ओल राहिली की आठवड्यात बुरशी.

खऱ्या मेणबत्त्या कागद आणि वाळक्या फांद्यांपासून निदान 30 सेंटिमीटर दूर ठेवा. लहान मुलं असतील तर बॅटरीवरच्या बऱ्या.

आता पैशांशी संबंध नसलेली, पण मला सगळ्यात जास्त बोचलेली चूक. मुलीनं सगळ्या चांदण्या एकाच फांदीवर लटकवल्या होत्या, तिच्या उंचीवर. ती झोपल्यावर मी त्या "नीट" पसरून लावल्या. सकाळी ती झाडासमोर उभी राहिली. "आई, माझी चांदणी कुणी हलवली?" मला उत्तर सुचेना. आता एक फांदी तिचीच असते, तिथे कुणी हात लावायचा नाही. आजी पताका कातरतात, गरम डिंकाची बंदूक फक्त मोठ्यांच्या हातात.

बहुतेक घरांत 6 जानेवारीपर्यंत सगळं उतरतं, आणि पुढच्या वर्षीचा खर्च तिथेच ठरतो. माळ पुठ्ठ्यावर गुंडाळा, बंद पडलेली असेल तर तशी चिठ्ठी लावा. कणकेची खेळणी कोरड्या कागदात, घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि खोका बांधण्याआधी एकदा कात्री शोधा. आमची दोनदा आतच राहिली होती.